आषाढात कापलं, श्रावणात मागितलं

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीत मी तळमजल्यावर राहते. माझ्या खिडकीखाली भिंतीलगत हातभर रुंदीची माती आहे. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक ठोकलेत. कोपरची चाळ सोडताना कृष्णकमळाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली, ती मी या मातीत लावली.

कृष्णकमळाला लाड लागत नाहीत. एखाद दिवशी पाणी राहिलं तरी ते रुसत नाही, माणसांपेक्षा बरं. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या खिडकीचे गज भरले आणि वेल पाइप धरून वरच्या मजल्यावर गेली. वेल वर गेली तशी वरच्या बाईंची तक्रार खाली आली.

"आजी, तुमच्या वेलीमुळे आमच्याकडे सुरवंट येतात."

येतात. कृष्णकमळाची पानं खाणारे काटेरी सुरवंट असतात. त्यांचीच पुढे फुलपाखरं होतात. माझ्या खिडकीतले मी काढायचे. वरचे काढायला मी काय शिडी लावणार? मी सांगितलं, "तुमच्या खिडकीतल्या फांद्या छाटा. मुळाला हात लावू नका."

छाटायच्या कशाला? श्रावणात हीच बाई खिडकीतून हात घालून फुलं तोडायची आणि महादेवाला न्यायची. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायची. हे शंभर कौरव, हे पाच पांडव, हा मधे कृष्ण. वर लिहायची, 'आमच्याकडचं कृष्णकमळ'. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं वाचता येतं मला.

गेल्या वर्षी आषाढात मी मुलीकडे कल्याणला गेलेले. परत येऊन बघते तर वेल मुळाशी कापलेली. वर पाइपावर सगळी पानं लोंबत होती. वॉचमन म्हणाला, "वरच्या मॅडमनी सांगितलं. सेक्रेटरी हो म्हणाले." मी तशीच वर गेले.

"आजी, रागावू नका," बाई म्हणाल्या. "झाडच आहे ना!"

"मग तुमची तुळस देऊ का उपटून? तेही झाडच आहे."

त्यांनी दार लावलं. सेक्रेटरी म्हणाले, जागा कॉमन आहे. त्या मातीतून मी बिल्डरचं डेब्रिज घमेल्याने काढत होते, तेव्हा कोणाला जागा कॉमन वाटली नाही.

मग श्रावणातला पहिला सोमवार आला. सकाळी बेल वाजली. दारात वरच्या बाई, नेसून-सवरून, हातात तबक, त्यात बेलाची पानं आणि दुधाचा तांब्या.

"आजी, एखादं कृष्णकमळ द्या ना. बाजारात कुठे मिळत नाही."

मी म्हटलं, "ते तुम्ही कापलंत."

"अहो, आमच्या खिडकीत येणारं कापायला सांगितलेलं. खालचं तुमचं आहे ना?"

ही बाई थट्टा करत नव्हती. मुळाशी कापलं की आपल्याच खिडकीत यायचं थांबेल आणि आजींच्या गजांवर फुलं येत राहतील, असं तिला खरंच वाटत होतं. खिडकीशी येऊन वाळलेले दांडे बघायचेही कष्ट घेतले नव्हते.

"फूल नाही," मी म्हटलं. "सुरवंट चालले असते देवाला, पण तेही गेले."

"सणावाराचं असं बोलतात का, आजी?"

"सणावाराच्या आधी असं कापतात का?"

दसऱ्याच्या सुमारास मुळातून कोंब फुटले. वॉचमनला ते दाखवून बजावलं, इथे कोणी कोयता आणला तर मला हाक मारायची. आता मी वेलीला माझ्या गजांच्या वर जाऊ देत नाही. वर निघालेली टोकं रोज सकाळी खाली वळवते. गुडघे दुखतात, तरी वळवते.

यंदा आषाढात कळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर समोर नवी कोरी सुतळी लोंबत होती. वरच्या खिडकीला बांधलेली, खालचं टोक बरोबर माझ्या वेलीवर सोडलेलं.

वरून आवाज आला, "आजी, येऊ द्या हो तिला वर. या वेळी मी काही बोलणार नाही."

सुतळी चांगली जाड होती. मी आतून कात्री आणली, हात पोचला तिथवर कापून घेतली आणि तिनेच वेल माझ्या गजांना नीट बांधून टाकली.