बबनराव कंडक्टर आणि चौदावं डोकं

तीन आठवडे झाले, तरी अजून अंगावर तांब्या ओतताना माझा श्वास अडकतो. हसू नका. बाभुळगावात हसायचा मक्ता माझा आहे. कोणाच्या लग्नात वरण पातळ झालं, कोणाचा जावई रुसला, कोणी केस काळे केले, ही सगळी खाती माझ्याकडे. पण अंदमानात जे झालं ते मी अजून कोणाला हसून सांगू शकलो नाही, म्हणून लिहायला बसलो.

आणि सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाहीच. शेजारच्या बबनरावांबद्दल आहे.

बबनराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण बॅग अडकवून अडकवून डावा खांदा जो उतरला तो उतरलाच. दारात उभे राहिले तरी पाठ चौकटीला टेकवून, पाय फाकवून उभे राहतात, जणू आमची गल्ली आत्ता वळण घेणार आहे. आणि मोजतात. पंगतीत बसलेले लोक मोजतात, बारशाला आलेल्या बाया मोजतात, कुठूनही निघायचं झालं की आधी डोकी मोजतात आणि मग ती हाक देतात, जी अख्ख्या तालुक्याला पाठ आहे.

"राह्यलं काय कोणी? कोणी राह्यलं काय?"

दोनदा. मग थांबतात. मग हाताला जे लागेल त्याच्यावर दोन टिचक्या मारतात. डबल बेल. त्याशिवाय घरून बाजारालाही निघत नाहीत.

ही हाक मी हुबेहूब काढतो. लग्नात नवरी गाडीत बसली की लोक मला म्हणतात, धावजीभाऊ, होऊन जाऊ द्या. आणि मी डावा खांदा पाडून सुरू होतो. बबनराव तिथेच असतात. ते हसत नाहीत, रागावतही नाहीत. मनातल्या मनात वऱ्हाडी मोजत असतात.

याचं मूळ मला ठाऊक होतं, हे माझं पाप. वीस-बावीस वर्षांपूर्वी केळापूरच्या यात्रेला जादा गाडी लागली होती. गर्दी एवढी की दार लागेना. बबनरावांनी डबल बेल दिली, गाडी निघाली. सात-आठ किलोमीटरवर एक बाई झोपेतून दचकून उठली, "माही पोरगी!" पाच वर्षांची पोर खालीच राहिलेली. गाडी वळवली. पोर चहाच्या टपरीवर बिस्कीट खात बसली होती, काही झालं नव्हतं. पण ती बबनरावांना म्हणाली, "तुमी मले सोडून गेलते." बस. त्या दिवसापासून या माणसाला आयुष्यात एकच धास्ती. आपल्या मागं पुन्हा कोणी राहायला नको.

संक्रांतीनंतर आमच्या कॉलनीतल्या चौदा जणांनी अंदमान ठरवलं. सात जोडपी. बबनराव आणि विमलताई, मी आणि माझी हंसा, तुरीवाले पंजाबराव आणि त्यांची पंचफुला, अशी सगळी पन्नाशी-साठीतली. समुद्र कोणी पाहिला नव्हता. नागपूरच्या विमानतळावर बबनरावांनी पहिली मोजणी केली आणि चेहरा पांढरा.

"तेराच! एक कमी हाय!"

सगळे इकडेतिकडे धावले. पंजाबराव संडासात पाहून आले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कंडक्टर गाडीतले पॅसेंजर मोजतो, स्वतःला मोजत नाही. तीस वर्षांची सवय.

"कंडक्टर साहेब," मी म्हटलं, "सोताले मोजलं काय?"

असं हसले लोक, की चेकिंगवाला शिपाई पाहायला आला. त्या दिवसापासून ती माझी गंमत ठरली. बबनराव मोजायला लागले की आम्ही सगळे एका सुरात: "अन् सोताले?" बिचाऱ्यांनी तेही शिकून घेतलं. येईल त्या आकड्यात एक मिळवायचा.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण पोर्ट ब्लेअरला जेट्टीजवळ मी नारळपाणीवाल्याच्या गाडीमागे मुद्दाम दडून बसलो. बबनरावांनी मोजलं, एक मिळवला, पुन्हा मोजलं. वीस मिनिटं त्यांची नुसती घालमेल. मी मागून जाऊन नारळ त्यांच्या पोटाला लावला. ते ओरडले नाहीत. फक्त खाली बसले आणि तिथूनच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. विमलताई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बेटाचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्यांच्या पोटावर पाय नको. सकाळी आम्हाला कयाकमध्ये बसवलं. म्हणजे लांबट, प्लास्टिकची, दोन माणसांची होडी, दोघांच्या हातात दुतोंडी वल्हं. गाइड होती एस्थर. मूळची रांचीकडची, तिशीची, उन्हानं काळवंडलेली, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. तिनं आम्हाला बुडू न देणारी नारिंगी जॅकेटं घातली, पट्टे आवळले आणि खारफुटीच्या खाडीत आम्हाला सोडलं. झाडं पाण्यात उभी, मुळं कोळ्याच्या पायांसारखी. काठावर पाटी होती, मगरीपासून सावध. मी म्हटलं, "आमची हंसा हाय, मगरच सावध राहीन." हंसानं वल्ह्यानं पाणी उडवलं. मागच्या कयाकमध्ये विमलताई वल्हं मारत होत्या आणि पाठीमागे बबनराव बसले होते, कंडक्टरच्या जागेवर. निघायच्या आधी त्यांनी होडीच्या काठावर दोन टिचक्या मारल्या, तेव्हा तर एस्थरही हसली.

दुपारी इंजिनच्या बोटीनं प्रवाळाजवळ नेलं. नावाड्यानं नांगर टाकला. एस्थरनं तोंडात धरायची नळी आणि डोळ्यांवर लावायचा काचेचा मास्क कसा घालायचा ते शिकवलं, आणि बोट वर करून दोन गोष्टी सांगितल्या. "जॅकेट उतारना नहीं. और बोट से दूर जाना नहीं, पानी उतर रहा है, खींचता है."

आता माझं ऐका. माझ्या वावरात चाळीस फूट विहीर आहे. सहा वर्षांचा असताना बापानं पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं, तेव्हापासून पोहतो. कठड्यावरून मुटका मारला की पाणी वरच्या दगडाला लागतं. मला जॅकेट? ते गळ्याला खाजवत होतं, पोटाखाली घुसत होतं, खाली डोकं घालू देत नव्हतं. मी बोटीच्या पलीकडच्या बाजूला गेलो, जॅकेट काढलं आणि आत भिरकावलं. कोणी पाहिलं नाही.

मग डोकं पाण्यात घातलं आणि बाप्पा! निळा मासा, पिवळा मासा, एक पोपटाच्या रंगाचा मासा दगड कुरतडतोय आणि त्याचा कुरकुर आवाज मला ऐकू येतोय. मी त्याच्या मागे गेलो. मग दुसऱ्याच्या. हात हलवायची गरजच नव्हती, आपोआप पुढे जात होतो. मला वाटलं, मी किती छान पोहतो.

विहिरीत पोहणाऱ्याला एक गोष्ट कधी कळतच नाही. विहिरीतलं पाणी तुम्हाला कुठे नेत नाही. किती वेळ तोंड खाली घालून पडा, डोकं वर काढलं की समोर तोच दगड, तीच पायरी, तोच कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल. मी डोकं वर काढलं आणि हात लांब केला, दगड धरायला. खरं सांगतो, हात लांब केला. दगड नव्हता. बोट काडेपेटीएवढी दिसत होती.

ओरडलो तर नळीतून खारं पाणी घशात. मास्क भरला. पोहायला लागलो, विहिरीतलं पोहणं, चार हात जोरात आणि मग भिंत. इथे चार हातांनंतर अजून चार, आणि बोट आणखी लहान. मग एक जमिनीचं टोक आडवं आलं आणि बोट दिसेनाशीच झाली. पुढे खारफुटीचं रान. एका मुळाला मिठी मारली. तळहात फाटले, गुडघे सोलले. आणि तेव्हा मला ती पाटी आठवली. मगरीची.

पाणी कमरेएवढं होतं, पण मी पाय वर घेतले आणि त्या मुळावर माकडासारखा बसलो. बारीक लाट आली तरी मला तिला डोळे दिसत होते.

इकडे बोटीवर काय झालं ते मला मागून विमलताईंनी सांगितलं, आणि विमलताई माझ्यासारखं मीठमसाला लावून सांगत नाहीत.

एस्थरनं सगळ्यांना वर घेतलं. ती जॅकेटं मोजते. जॅकेट उतरवून दांडीवर टांगायचं, दांडी भरली की माणसं पूर्ण. चौदा जॅकेटं. माझं चौदावं. कोणी तरी ते खालून उचलून टांगून दिलं होतं. "चौदह. चलो." नावाडी नांगराच्या दोराला हात घालतो तोच बबनराव म्हणाले, "थांब. तेरा हायेत."

आणि अख्खी बोट एका सुरात: "अन् सोताले?"

"सोताले धरूनच तेरा."

हसून हसून पंचफुलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एस्थरनं जॅकेटं दाखवली. पंजाबराव म्हणाले, "कंडक्टर साहेब, बसा न आता. ऊन लागून राह्यलं."

"धावजी कुठी हाय?" बबनराव म्हणाले.

आता माझी हंसा. तिला बोट लागली होती, डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "इंजिनामागं लपला असन. येईन. तुमी त्याच्या नादी लागू नका, भाऊजी. नारळाच्या येळी काय केलतं, आठवत नाई काय?"

सख्ख्या बायकोचे शब्द आहेत हे. आणि तिचं काय चुकलं?

विमलताईंनीसुद्धा नवऱ्याचा हात ओढला. "अवं, बसा. लोक हासून राह्यले." नावाड्यानं दोर ओढायला घेतला.

आणि बबनराव त्या दोरावर जाऊन बसले. दोन्ही पाय पसरून, ओल्या दोरावर. नावाडी म्हणाला, अंकल, हटिए. बबनराव म्हणाले, "मी बेल देल्ली नाई. बेल देल्याबिगर गाडी हालत नाई."

"अंकल, गिनती हो गई."

"तू कपडे मोजले, बाई. मी माणसं मोजले." मग त्यांनी इंजिनामागे बोट दाखवलं. "पंजाबराव, जा. पाहून या. लपला असन तं मी त्याच्या पाया पडतो अन् जिंदगीत पुन्हा मोजत नाई."

विमलताई सांगतात, तेव्हा हसणं थांबलं. ही साधी शर्त नव्हती. पंजाबराव इंजिनामागे गेले, टोपल्या उचलल्या, ताडपत्री उचलली. परत आले आणि रिकामे हात दाखवले. हंसा उठून बसली. एस्थर त्या चौदा जॅकेटांकडे पाहत राहिली, मग तिनं बोटीला बांधलेली कयाक सोडली. बबनराव दांडीवरचं एक जॅकेट अंगात घालून तिच्यामागे चढले. पोहता येत नाही त्यांना. एक फूट पाण्यात उतरायचे नाहीत, तो माणूस.

"अंकल, आप नहीं!"

"मले आवाज देता येते," ते म्हणाले.

मी त्या मुळावर किती वेळ होतो? हंसा म्हणते पाऊण तास. मला विचाराल तर एक खरीप हंगाम. दात वाजत होते. एक खेकडा माझ्या पायाच्या अंगठ्याकडे विचार करत पाहत होता. आणि मग पाण्यावरून आवाज आला.

"राह्यलं काय कोणी?"

मला वाटलं, मीच काढतोय. मला वाटलं, डोकं फिरलं आणि आता मरतानासुद्धा नक्कल करतोय.

"कोणी राह्यलं काय?"

मग थांबा. अगदी तेवढाच थांबा. मी त्या थांब्याची किती वेळा टर उडवली होती! तो थांबा कशासाठी असतो ते मला खारफुटीच्या मुळावर बसून कळलं. तो उत्तरासाठी असतो.

"मी!" मी बोंबललो. "बबनराव! मी राह्यलो! मी!"

टोकावरून नारिंगी ठिपका वळला. पुढे एस्थर वल्हं मारत होती. मागे बबनराव, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून, डोळे मिटलेले, पण तोंड चालू. जवळ आल्यावर डोळे उघडले. मला पाहिलं. वर नाही, खाली नाही, सरळ माझ्या डोक्याकडे बोट केलं.

"चौदा."

मग म्हणाले, "तुही माय, धावजी, पायातून रक्त येऊन राह्यलं न बे."

मी फक्त रडलो. मला मध्ये घेऊन ती होडी बुडायच्या बेतात परत आली. बोटीत हंसानं आधी माझ्या थोबाडीत मारली, मग लुगड्यानं तोंड पुसलं, मग पुन्हा मारली. पंचफुलाबाईंनी माझं जॅकेट दांडीवरून काढलं आणि मला घातलं. पट्टे इतके आवळले की श्वास कोंडला. बबनरावांनी पहिल्यापासून पुन्हा मोजलं, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. कोणी हसलं नाही. तेरा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग बोटीच्या काठावर दोन टिचक्या मारल्या. नावाडी तोपर्यंत इंजिनाला हात लावायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी एस्थर नवीन टोळी घेऊन निघाली, तेव्हा जेट्टीवरून आम्ही पाहिलं. ती डोकी मोजत होती, हात लावून.

गावात आल्यावर मी आठ दिवस वाट पाहिली. बबनराव आता सांगतील, उद्या सांगतील. चौकात, पानठेल्यावर. त्यांच्या जागी मी असतो तर तालुक्यात पोस्टर लावलं असतं. त्यांनी एका माणसालाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं? सापडला न तू."

परवा शेजारच्या गावी आमच्या ओळखीतल्या संघदीपच्या पोरीचं बारसं होतं. जेवणं झाली, गाडीत बसायची वेळ झाली. लोकांनी मला कोपरानं ढोसलं, धावजीभाऊ, होऊन जाऊ द्या. तेवढ्यात बबनराव स्वतःच दारात उभे राहिले, पाठ चौकटीला टेकवून, आणि मोजायला लागले. त्यांची नजर माझ्या रांगेत आली तसा मी उठून उभा राहिलो आणि हात वर केला.

"मी हाय, बबनराव."

हंसानं माझा सदरा ओढला. "बसा खाली. दिसून राह्यले तुमी त्याहीले."

बसलो. पण हात खाली घेतला तो ते मोजून पुढे गेल्यावरच.