माझ्या गॅसवर जळलेलं सूत

सुधीर, ती फुलांची पोस्ट आधी काढ.

"दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, देवमाणूस." खाली पणती, गुलाब. इथल्या अख्ख्या मराठी मंडळाने हात जोडलेत.

आणि गेल्या आठवड्यात कस्टममध्ये तुझ्या वकिलाने काय सांगितलं? ब्रोकरने चुकीचं हेडिंग टाकलं. ब्रोकर आता हयात नाही.

फेसबुकवर देवमाणूस आणि कस्टममध्ये गुन्हेगार. काहीतरी एक ठरव.

मी चौथी शिकलेली बाई. मोबाईलवर लिहायला मला वेळ लागतो, म्हणून उगाच लिहीत नाही.

आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं. श्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले, वडे बरे झाले होते. रडले वगैरे नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. हे कस्टम ब्रोकर होते. बाहेरून माल आला की तो काय आहे ते कागदावर लिहायचं आणि बंदरातून सोडवायचा. प्रत्येक मालाला एक नंबर असतो, तेच ते हेडिंग. त्यावर ड्युटी ठरते. ह्यांच्याकडे बहुतेक सुताचं काम. पॉलिस्टरच्या सुताचा नंबर वेगळा, व्हिस्कोसचा वेगळा. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत.

त्यामुळे ह्यांना खोड लागली होती. कपडा दिसला की दोरा ओढायचा आणि पेटवायचा.

कागदासारखा जळून राख झाली तर व्हिस्कोस नाहीतर कापूस. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून कडक गोटी झाली की पॉलिस्टर.

आमच्या वास्तुशांतीला माझ्या भावाने पैठणी दिली. ह्यांनी पदराचा दोरा ओढून समईवर धरला.

"गोटी!"

भर पाहुण्यांत. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी म्हटलं, "आता तुमचं धोतर पण धरा समईवर."

"ते कधीच बघितलंय. कॉटन आहे."

असा माणूस. काय बोलणार.

आता सुधीर. हा इचलकरंजीचा. इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमला आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. सूत मागवायचा धंदा ह्याला ह्यांनीच शिकवला.

एका रविवारी सकाळी सँपल म्हणून सुताचा एक कोन घेऊन खाली आला. सोफ्यावर बसून माझे पोहे खात होता.

"दादा, व्हिस्कोस आहे."

"सगळे तेच म्हणतात. पॉलिस्टरवर जादा ड्युटी आहे ना सध्या."

"मग जाळून बघा की. नाहीतर असं करा, वहिनी, तुम्हीच जाळा. आज तुम्ही ऑफिसर!"

मी तवा उतरवला, दोरा गॅसवर धरला. भुर्रकन जळला. राख बोटात चोळली, पीठ झालं.

हे म्हणाले, "बरं. व्हिस्कोस लिहितो."

लिहिलं. माल आला, कस्टमने त्यातलं सँपल लॅबला पाठवलं. रिपोर्ट यायच्या आधीच हे मांबलम स्टेशनच्या जिन्यावर दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत.

नंतर रिपोर्ट आला. सगळं पॉलिस्टर.

ह्यांचंही चुकलं. ते पण लिहिते, मला कोणाची भीती नाही. कंटेनर उघडून त्यातला दोरा जाळायला पाहिजे होता. बायकोच्या भावाची पैठणी जाळली आणि तुझ्या मालाला हात लावला नाही. घरचा म्हणून.

पण दाखवायचं एक आणि आणायचं दुसरं, हे त्यांनी केलं नाही. तू केलंस. नाहीतर माल पाठवणाऱ्याने तुला फसवलं असेल. तसं असेल तर तसं सांग ना! मेलेल्या माणसावर कशाला ढकलतोस?

मला हे कळलं मुरुगनकडून. तो ह्यांचा पार्टनर, ऑफिस आता तोच चालवतो. फोनवर आधी नुसतंच "अक्का, अक्का" करत होता. मी म्हटलं, बोल लवकर, दूध उतू जातंय.

"अक्का, सार मेल पळी पोट्टुट्टारु."

म्हणजे तू सगळा आळ सरांवर, आमच्या ह्यांच्यावर, टाकलास.

मला नवल नाही वाटलं.

मयताच्या दिवशी तू शेला आणला होतास. "वहिनी, प्युअर सिल्क आहे, दादांच्या अंगावर घाला." मी आत नेऊन एक दोरा ओढला, देवापुढच्या दिव्यावर धरला. बायका म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं.

गोटी झाली.

तेव्हा बोलले नाही. मयताच्या घरात काय भांडायचं. शेला कपाटावर ठेवून दिला आणि ह्यांना त्यांचं कॉटनचं धोतर नेसवलं.

सोमवारी सुनावणी आहे. मी येते म्हटलं. मुरुगन म्हणतो, अक्का, बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार असं म्हणतील. ते खरंच आहे. म्हणून तू बोलायला पाहिजे.

दंडाचं तुझं तू बघ. मला फक्त ह्यांचं नाव साफ पाहिजे. जन्मभर कस्टमच्या ज्या ऑफिसात जाऊन बसले, तिथे लबाड म्हणून नाव राहायला नको.

अहो, तुम्हाला सूत कळायचं, माणसं नाही. असो. तुमचं झालं, तुम्ही निवांत राहा. हे मी बघते.

सुधीर, एकच वाक्य आहे. "दादांना दाखवलेलं सँपल व्हिस्कोसच होतं." सोमवारी हे बोलणार की नाही?

रविवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेपर्यंत उत्तर पाहिजे. इथेच, सगळ्यांसमोर.

ऑफिसर तूच केलं होतंस मला. आता ऑफिसर विचारतेय.