डावीकडचे कप्पे

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तेहतीस वर्षं मी एका हॉस्पिटलच्या औषधांचं स्टोअर सांभाळलं. रॅकवर पन्नास सलाईन असायला हव्यात आणि अठ्ठेचाळीसच निघाल्या, तर दोन भुताने प्यायल्या असं कुणी म्हणत नाही. कुणीतरी नेलेल्या असतात, नाहीतर कुणीतरी भलत्याच रॅकवर ठेवलेल्या असतात. वस्तू आपल्या पायाने चालत नाहीत, हे मी नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी वसईला एव्हरशाईन सिटीत राहते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, आणि ती गेल्यावर समोरच्या दारातली शैला. शैला शाळेत शिक्षिका, नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात. बावीस वर्षं आमची दारं समोरासमोर, आणि दिवसभर दोन्ही उघडी. तिच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं आणि माझं बीपी वाढलंय ते तिला माझ्या आवाजावरून. रिटायर झालो की एक गाडी घ्यायची, तीत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने थेट कन्याकुमारीपर्यंत जायचं, हे आम्ही कित्येक वर्षं बोलत होतो. हॉटेल नको, नातेवाईक नकोत, कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन भाजी निवडत बसणं नको.

तर गेल्या वर्षी मी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन घेतली. चालवणार मी, कारण शैलाला सायकलसुद्धा येत नाही. आतलं सुतारकाम जवळच्याच भुईगावातल्या इनास काकांना दिलं. काका सत्तरीचे. त्यांच्या वाडीत नारळांच्या मधे पत्र्याची शेड आहे, तिथेच गाडी उभी राहायची.

काकांची मापं घ्यायची पद्धत मी कुठे पाहिली नव्हती. टेप त्यांच्या खिशात असायची, पण ती शेवटी निघायची. आधी त्यांनी आम्हाला आपापल्या बाजूला बसवलं. मी उजवीकडे, शैला डावीकडे. हातात खडू दिला. म्हणाले, "डोळे मिटा. आता समजा वर काय तरी ठेवलंय, ते घ्यायला हात करा. ताणू नका. जिथं हात जाईल तिथं खूण करा."

"काका, सरळ टेपने मोजा ना," मी म्हटलं.

"टेपला खांदा दुखत नाय, बाय. आधी मानूस, मग टेप."

मी साडेपाच फुटांच्या वर, शैला जेमतेम पावणेपाच. त्यामुळे माझे कप्पे वर आणि तिचे चांगले वीतभर खाली लागले. गाडी आतून वाकडी दिसायला लागली. शैला हसून हसून लाल झाली होती. मला ते हसणं अजून डोळ्यांसमोर दिसतं, आणि आता त्याचा राग येतो.

मग मी कामाला लागले. एवढ्याशा गाडीत सामान बसवायचं म्हणजे खाऊ नाही. जड सामान खाली चाकांच्या जवळ, हलकं वर. बरणीखाली रबरी मॅट, भांड्यांना जाळी, प्रत्येक दाराला आतून यादी. रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकवायचा काटा आणून मी दोन्ही बाजूंचं सामान मोजलं, कारण वजन एकीकडे जास्त झालं की वळणावर गाडी कलते. शैला म्हणायची, "मंगल, ही गाडी आहे गं, तुझी फार्मसी नाही." पण सामान सगळं आणून दिलं तिने. शाल, थर्मास, विणकामाची पिशवी, गोडा मसाला, प्रवासासाठी वेगळा काढलेला देवांचा पितळी डबा, औषधं, जादा चष्मा. ते सगळं मी डावीकडच्या तीन कप्प्यांत लावलं. दिवाळी झाली की निघायचं होतं.

नवरात्रातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला मी पडदे लावायला म्हणून वाडीत गेले. कुलूप उघडलं, आत पाय टाकला तर दाराशीच दोन कापडी पिशव्या. शैलाच्याच, ज्या मी घडी करून सीटखाली ठेवल्या होत्या. आता त्या भरलेल्या होत्या. डावीकडचे तिन्ही कप्पे उघडून पाहिले. रिकामे.

पिशव्या नीट भरलेल्या होत्या हो. जड खाली, हलकं वर. देवांचा डबा शालीत गुंडाळलेला. औषधं आणि चष्मा सगळ्यात वर, पटकन हाताला येतील असे. माझ्या सामानाला धक्कासुद्धा नव्हता.

मी तिथूनच शैलाला फोन लावला. "तुला जागा बदलून हवी होती तर सांगायचंस. इथे येऊन सगळं काढलंस कशाला?"

"मी? मी कशाला येऊ तिकडे एकटी? काय काय काढलंय?"

मी यादी वाचली. ती म्हणाली, "असू दे. ठेव परत." आणि फोन ठेवला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण बावीस वर्षांच्या मैत्रिणीवर कोण संशय घेतं?

चार दिवसांनी पुन्हा तेच. त्याच पिशव्या, तीच मांडणी, चष्मा वर. या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी काकांकडे. स्टोअरच्या हिशोबाने उत्तर सरळ होतं.

काका रंधा मारत होते. मी विचारलं, "गाडीत कोण जातं काका?"

"कोन नाय."

"मग सामान कोण काढतं? किल्ली तुमच्याकडे आहे."

त्यांनी रंधा खाली ठेवला. "काम झाल्यावर मी गिऱ्हाईकाच्या वस्तूला हात लावत नाय, बाय. पन्नास वर्षं नाय लावला."

"मग वस्तू काय आपल्या पायाने चालल्या?"

ते घरात गेले, येशूच्या तसबिरीखालच्या खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. एरवी मला चहा घेतल्याशिवाय न सोडणारा माणूस, त्या दिवशी पुन्हा रंध्याकडे वळला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. देवा, काय काय विचार केले मी त्यांच्याबद्दल!

दोन्ही किल्ल्या घेऊन मी सगळं सामान परत लावलं. वर हॉस्पिटलातली युक्ती केली. तिथे झोपेची, गुंगीची औषधं ज्या कपाटात असतात त्याला आम्ही कागदी पट्टीचं सील करायचो. तशीच पट्टी मी प्रत्येक कप्प्याच्या दारावर आडवी चिकटवली आणि तिच्यावर सही केली, अर्धी पट्टीवर आणि अर्धी लाकडावर. पट्टी फाटल्याशिवाय दार उघडणं शक्य नाही.

तिसऱ्या दिवशी गेले. भर सकाळ, वाडीत ऊन, शेजारी कुणीतरी पंपाने केळींना पाणी सोडलेलं. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं आणि पिशव्या समोर.

आणि मंडळी... तिन्ही सील शाबूत होती. माझी सही जागच्या जागी जुळत होती, गोंद सुटला नव्हता. मी स्वतःच्या नखाने पट्ट्या फाडल्या आणि दारं उघडली. आत नुसत्या रबरी मॅट.

मी घाबरले का? हो, घाबरले. मी सीटवर बसले. पण त्या भीतीतही मला एक गोष्ट दिसत होती. हे वैर नव्हतं. कुणीतरी फार काळजीने एका माणसाची निघायची तयारी करून देत होतं.

मी पिशव्यांना हात लावला नाही. घरी गेले आणि शैलाला म्हटलं, चल. रिक्षात ती पूर्ण वेळ बाहेर बघत होती. गाडीत चढली, पिशव्या बघितल्या, आणि खाली वाकून वरचा चष्मा उचलला. त्याखाली औषधं. त्याखाली विणकाम. ती एकेक काढून सीटवर ठेवत गेली.

"मंगल, हे कुणी भरलं?"

"तेच मला विचारायचंय."

"मी घरी अशीच भरलीये. बॅग. अगदी अश्शीच. चष्मा, औषधं, विणकाम... देव शालीत." ती मटकन बसली. "दार लावून भरली मी. कुणालाही दाखवली नाही."

"कसली बॅग?"

मग ते बाहेर आलं. मुलाने कायमचं तिकडे बोलावलंय. सगळे कागद झालेत. तिकीट दिवाळीच्या आदल्या आठवड्याचं.

"कधीपासून ठरलंय?"

"आठ महिने झाले."

मी मनात मागे मोजलं. आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे गाडीसुद्धा नव्हती. म्हणजे व्हॅन बघायला ती माझ्याबरोबर आली, पडद्यांचं कापड तिने निवडलं, आणि तेव्हा तिला माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी मी वाडीत चोर शोधत बसले होते.

"काकांनी खडू दिला तेव्हा? डोळे मिटून हात वर केलास तेव्हा माहीत होतं तुला?"

"माहीत होतं."

"आणि तरी खूण केलीस?"

"तू इतकी खूश होतीस गं. मी नाही म्हटलं असतं तर तू गाडी घेतलीच नसतीस. मला वाटलं, एकदा गाडी पूर्ण होऊ दे, मग सांगू. म्हणजे तू एकटी तरी जाशील."

मी फार वाईट बोलले. केसाने गळा कापलास म्हटलं. मुलाकडे जा, कोण अडवतंय, पण बावीस वर्षं उघडं ठेवलेलं दार आठ महिने नुसतं दिसायला उघडं ठेवलंस, म्हटलं. ती रडत होती आणि मला तिची जराही दया आली नाही. आधी मला वाटलं होतं की कुणीतरी माझ्या गाडीत शिरतंय. खरं तर शैलाच कधी या गाडीत नव्हती. ती पिशव्या उचलून एकटी रिक्षाने गेली. दिवाळीच्या आधी तिचं दार बंद झालं आणि मीही माझं लावून घेतलं. तिचे फोन आले, मी घेतले नाहीत.

इनास काकांकडे किल्ली परत द्यायला गेले तेव्हा मान वर होत नव्हती. सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "सामान कोनी काढलं ते मला नाय ठाऊक. पन तोंडाने सांगायचं काम त्या बायचं होतं." किल्ली घेतली, खिळ्याला लावली आणि घरात चहा टाकायला सांगितला. डावीकडचे कप्पे काढून वीतभर वर लावून देतो, असंही म्हणाले. मी नको म्हटलं. का ते मला सांगता येणार नाही.

जानेवारीत मी एकटी निघाले. डावी बाजू हलकी पडत होती, म्हणून त्या कप्प्यांत माझेच टॉवेल, तांदूळ, डाळी भरल्या. गुहागर, मालवण, वेंगुर्ला. त्याच्या पुढे जावंसं वाटलं नाही. रोज सकाळी चहा करताना डावीकडचं दार उघडायचं आणि खालच्या कडेवर माझं कपाळ आपटायचं. रोज मी शैलाला शिव्या घालायचे. सामान मात्र जिथल्या तिथे. सवयीने मी सील करत राहिले आणि एकदाही काही हललं नाही. मला वाटलं, संपलं असेल ते.

परत आल्यापासून गाडी काकांच्याच शेडमध्ये असते. गेल्या आठवड्यात वाडीत गेले. सील शाबूत, सही जुळलेली. दाराशी काहीच नव्हतं. डावीकडचे तिन्ही कप्पे उघडले तर रिकामे. माझे टॉवेल, तांदूळ आणि डाळींचे डबे उजवीकडे होते, माझ्याच सामानात दाटीवाटीने बसवलेले, जड खाली आणि हलकं वर. डावीकडच्या मॅटवर धुळीचा कण नव्हता.

काकांना विचारलं नाही. एकदा विचारून पाहिलंय, तेवढं पुरे.

घरी आले तेव्हा फोनवर परदेशातल्या त्या नंबरचे तीन मिस्ड कॉल होते. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. ती परत येतेय की सहज केला होता, मला माहीत नाही. सील न फाडता कप्पा कसा रिकामा होतो, बंद खोलीतली बॅग भुईगावच्या शेडमधल्या गाडीला कशी कळते, हेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर सांगा. मला तेहतीस वर्षांच्या अनुभवात सापडलेलं नाही.

फोन मी अजून केलेला नाही. राग गेलेला नाही, आणि तो जावा असंही वाटत नाही. पण काल पुन्हा वाडीत गेले होते. काटा बरोबर नेला होता, दोन्ही बाजूंचं वजन सारखं करायला. डाळींचे डबे हातात घेतले, डावीकडे वळले, डोकं आपटू नये म्हणून वाकले... आणि मग ते होते तिथेच उजवीकडे ठेवून दिले. गाडी जरा कलतेय. कलू दे.