मी पुसलेली विहीर

भुताला नैवेद्य दाखवायचा तर आधी घरात अन्न लागते. आमच्या घरी ते नव्हते, त्यामुळे भुतांशी आमचा कधी संबंध आला नाही... असे मी कॉलेजात मित्रांना हसत सांगत असे. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहितो आहे, कारण यातली निम्मी गोष्ट माझ्याच वागण्याची आहे.

भातकुलीजवळचे आमचे गाव. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, तीही एक वेळ. आईजवळ एकच लुगडे — अर्धे नेसून अर्धे वाळवायची. सातव्या वर्षापासून मी बापाबरोबर तण काढायच्या डवऱ्यामागे चालत होतो. मग अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी बांधापर्यंत, पायवाटेपर्यंत कापूस पेरला. एक दिवस बाप म्हणाला, "गणपत, उद्यापासून वावरात येऊ नको. शाळेत जाय." आमच्या घराण्यात पाटी हातात धरणारा मी पहिला.

आमचे मास्तर पुण्याकडचे. मोठ्या मुलांना शाळेबाहेर नेऊन शिकवायचा त्यांना भारी नाद — कधी झाडे ओळखा, कधी नाल्याचा उतार पाहा. त्या मार्गशीर्षात त्यांनी आम्हाला गावाचा नकाशा काढायला लावला. मोजणीची साखळी शाळेजवळ नव्हती, म्हणून हात-हातावर गाठी मारलेली लांब दोरी केली होती. दोघादोघांची जोडी. माझा जोडीदार सखाराम — माळ्याचा, माझा जिवलग, आणि गणितात माझ्यापेक्षा तेज. ज्या जोडीचा नकाशा चांगला, तिच्यातल्या एकाची शिफारस अमरावतीच्या मोठ्या शाळेसाठी जाणार होती. शिफारशीवर सही पाटलाची. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

आमच्या वाट्याला पाटलाचेच वावर आले. भर दुपार. बोंडे फुटून सगळे रान पांढरे झालेले. बांधावरच्या निंबापासून आम्ही मावळतीकडे मोजत निघालो. तीन दोऱ्या आणि अकरा गाठींवर विहीर लागली. दगडांनी बांधलेली. एक बाई पोहऱ्याने पाणी शेंदत होती. आम्ही न मागताच तिने आमच्या ओंजळीत पाणी ओतले. इतके गार की दात शिवशिवले. माझा सदरा पुढून चिंब झाला.

"गोड हाये ना?" ती म्हणाली. "मंग गावात सांगजा."

सखारामने शिसपेन्सिल दाबून कागदावर विहिरीचा गोल काढला. काठाशी लाल चिंधीची काडी खूण म्हणून रोवली, आणि आम्ही मास्तरांना बोलवायला गेलो. त्यांना घेऊन परत आलो तर... काडी तशीच उभी. भोवती कापसाच्या कमरेएवढ्या पऱ्हाट्या. विहीर नाही, बाई नाही. एक फांदीसुद्धा वाकलेली नव्हती.

आम्ही एकमेकांकडे पाहतो न पाहतो तोच पाटील धावत आला.

"मास्तर, हे काय करून राहिले तुमचे पोट्टे माह्या वावरात?"

"पाटील, हा भूगोलाचा तास आहे. मुले मोजणी शिकतात."

"भूगोल शाळेत शिकवा! दोरी पाहून बाया येचणी सोडून पळाल्या — म्हने, सरकारची मोजणी आली!" त्याने सखारामच्या हातातला कागद ओढला. "अन् हा गोल कायचा?"

"इहीर हाये, पाटील," सखाराम म्हणाला. "तुमचीच."

"माह्या बापाले दिसली नाही, आज्याले दिसली नाही, अन् या माळ्याच्या पोट्ट्याले दिसली! उद्या हा कागद साहेबाच्या हाती लागला तं बागाईत म्हनून सारा चढवीन तो माह्यावर. मास्तर, असे नकाशे काढाचे असन तं सहीले माह्याकडे येऊ नका."

मास्तर माझ्याकडे वळले. "गणपत, तू सांग. तू खोटे बोलणार नाहीस."

"सांग ना बे," सखाराम म्हणाला. "दोन ओंजळी पेला तू."

मी पाटलाकडे पाहिले. सही त्याच्या हातात होती.

"मले नाही दिसली, गुरुजी."

सखारामने माझ्या ओल्या छातीकडे पाहिले. मग म्हणाला, "तुह्या सदऱ्याले इचार."

मास्तरांनी विचारलेही, सदरा कशाने भिजला म्हणून. मी म्हटले, घाम. त्यांनी पाटलाकडचा कागद आणि रबर माझ्या हातात दिले. मी गोल पुसला. शिसे गेले, पण कागदात उमटलेला चर काही गेला नाही. खोटा नकाशा काढला म्हणून मास्तरांनी सखारामला सगळ्या मुलांसमोर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. महिन्याभरात माझी शिफारस गेली. पाटलाची सही ठळक होती.

पुढे अमरावती, मग मुंबई. बी.ए. होऊन गावी आलो तेव्हा पाऊस दगा देऊन गेला होता. म्हातारा पाटील वारला होता, आणि त्याचा मुलगा पाण्यासाठी जागोजाग खणत होता. सखाराम त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, निंबापासून मावळतीकडे, तीन दोऱ्या अकरा गाठी. चार हात खाली दगडी बांधकाम लागले. गाळ उपसला तसे पाणी आले. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांनाही तिथे कधी विहीर असल्याचे आठवत नव्हते.

मी पाहायला गेलो. तोवर सखारामने त्या पाण्यावर निम्म्या वाट्याने वांगी लावली होती. त्याने पोहरा ओढला आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतले.

"गोड हाये ना?" तो म्हणाला.

मी प्यालो. मी माफी मागितली, ती त्याने ऐकली. मग म्हणाला, "तू शिकला, बरं झालं राजा. पन मले बी शिकाचं होतं."

मी तिथून सरळ शाळेत गेलो.

ऊन लागले होते म्हणावे, तर दोघांना एकच भास कसा? ऐकीव गोष्ट म्हणावी, तर ती कोणालाच ठाऊक नव्हती. आणि सदरा तर मी घरी आल्यावर आईने पिळून वाळत घातला होता. कॉलेजात शिकलेले सगळे लावून पाहिले... उत्तर नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. तो कागद शाळेच्या पेटीत सापडला. चर शाबूत होता, त्यावरून मी गोल पुन्हा शाईने काढला. मास्तर तेव्हा हयात नव्हते. नकाशा आता शाळेच्या भिंतीवर आहे. खाली सखारामचे नाव आहे.