तात्यांचं बिल ऑटोवर टाकलं तेव्हा

किस्से जमवावे लागत नाहीत हो. सोसायटीचं खजिनदारपद घ्या, किस्से स्वतःच्या पायांनी जिना चढून तुमची बेल वाजवतात. तेही तवा तापलेला असताना! नाहूरची आमची चार मजली बिल्डिंग. मी तिथली खजिनदार, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोवर सगळ्यांनी मला एकमताने निवडून टाकलं होतं.

म्हटलं, गळ्यात पडलंच आहे तर नीट करू. लाइट, गॅस, इंटरनेट, मेंटेनन्स, सगळ्यांनी सगळी बिलं ऑटो-पेवर टाकायची. दर महिन्याची कटकटच नको! पुढच्या मीटिंगला मी फोन उंच धरून सगळं दाखवलं. शेवटी पहिल्या मजल्यावरचे कांबळे सर उभे राहिले. रिटायर्ड हेडमास्तर.

"पैसे आपोआप जाणार, हे समजलं. आपोआप येण्याची काही सोय?"

मग चहा आला आणि विषय संपला.

*

पण सर मनाचे मोठे. ऑटो-पे लावायला पहिले तेच आले. महिनाअखेरीला त्यांना बँकेचा मेसेज आला, उद्या तुमच्या खात्यातून बिलाची रक्कम वळती होईल. सरांनी त्याला शुद्ध मराठीत उत्तर पाठवलं: "महोदय, उद्या मी मुलीकडे जोगेश्वरीला जात आहे. कृपया गुरुवारी वळती करावी."

पैसे दुसऱ्याच दिवशी गेले. सर तडक माझ्या दारात!

"सर, ते मशीन आहे. तुमचं उत्तर कोणी वाचत नाही."

"वाचत नाहीत तर विचारतात कशाला? आणि माणूस घरी नसताना पैसे घेऊन जाणं, याला आमच्या वेळी वेगळा शब्द होता!"

मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं.

*

दुसऱ्या मजल्यावरची शिल्पा माझी मैत्रीण. अंधेरीला नोकरी, सकाळी निघते ती रात्रीच उगवते. तिला ऑटो-पेची खरी गरज. तिने एका रविवारी सगळी बिलं ऑटोवर टाकली आणि मला मेसेज केला, "झकास! सुटले यार!"

पण तिचा स्वभाव संशयी. बिल खरंच गेलं का, हे बघायला तिने मोबाइलवर रिमाइंडर लावला. बँकेत तेवढे पैसे आहेत ना, त्याचा आदल्या दिवशी दुसरा. आणि पैसे जास्त तर कापले नाहीत ना, त्याचा नंतर तिसरा.

परवा जिन्यात भेटली. तोंड पडलेलं.

"काय गं, काय झालं?"

"वाट लागली यार. आधी बिल भरायला पाच मिनिटं लागायची. आता न भरायला अर्धा तास लागतो!"

*

आता तात्या. माझ्या समोरच्या दारात तात्या आणि माई राहतात, मूळचे मालवणकडचे. मुलगा पुण्याला. तात्यांची पद्धत अशी की बिल स्वतः जाऊन काउंटरवर भरायचं आणि एका दिवशी एकच. म्हणजे लाइटचं सोमवारी, तर गॅसचं बुधवारी. इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवी, छत्री. अकराला निघायचे ते जेवायलाच परत.

"काय ती लाईन!" दारातूनच ओरडायचे. "जीव गेलो माझो!" माई सोलकढीचा पेला पुढे करायच्या.

एक दिवस मुलाचा पुण्याहून मला फोन. "ताई, बाबांना ऑटोवर टाका ना प्लीज. या वयात मेन रोड क्रॉस करतात, माझा जीव टांगणीला लागतो." मी लगेच गेले. तात्यांनी निमूट फोन दिला. बिल भरायचं ॲप त्यात आधीपासूनच होतं. म्हटलं, मुलाने टाकलं असेल. दहा मिनिटांत काम फत्ते.

"तात्या, आता घराबाहेर पडायची गरजच नाही!"

तात्यांनी एकदा किचनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खराच गरज नाय?"

*

पंधरा दिवसांनी माई आल्या. दार लावून घेतलं आणि माझा हातच धरला.

"सुजाता, तुझ्या पाया पडतंय, ता ऑटो काय ता काढून टाक!"

"अहो, पण झालं काय?"

"ह्ये घरात आसत! सकाळपासून माझ्या पाठसून फिरतत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां किती घालूची, ता माका शिकवतत! माका!"

मला हसू आवरेना. पण माईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ह्येंचा बिल म्हणजे माझी सुट्टी गो. तेवढो वेळ घर माझा एकटीचा. रेडियो लावतंय, पाय पसरून बसतंय, कोणाचा काय ऐकूचा नाय. लग्न झाल्यापासून माका तेवढाच मिळता. पण ह्येंका सांगू नको हां. वायट वाटतला."

मला गलबलून आलं. दुसऱ्या दिवशी अपडेटच्या नावाखाली तात्यांचा फोन मागून घेतला आणि ऑटो बंद केलं.

"तात्या, सॉरी. सिस्टिम फेल झाली. तुम्हालाच जावं लागणार."

"माका ठाऊकच होता!" तात्या म्हणाले, आणि शर्ट इस्त्रीला टाकायला निघाले.

*

आणि आता माझीच गंमत. सगळ्या बिल्डिंगला ऑटो शिकवणारी मी, आणि सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या लाइट बिलाचं ऑटो-पे माझ्याच हातून फसलं! बँकेचं नवीन कार्ड आलं, पण ऑटो-पेला जुनंच जोडलेलं राहिलं. बिल थकलं. म्हटलं, कटकट नको, काउंटरवर जाऊन भरून टाकू. तात्या जातात तिथेच. ऑफिसला हाफ डे टाकला आणि अकराच्या सुमाराला मेन रोड क्रॉस करून पोचले.

शटर खाली. त्यावर उन्हाने पिवळा पडलेला कागद: हे भरणा केंद्र कायमचे बंद झाले आहे, ग्राहकांनी बिले ऑनलाइन भरावीत. कुलपाला चांगला गंज चढलेला.

समोरच्या कट्ट्यावर सावलीत चार म्हातारे बसले होते. चौघांचे शर्ट इस्त्रीचे, चौघांच्या मांडीवर पिशव्या. तिसरे आमचे तात्या! चष्मा कपाळावर, एका हातात लाइटचं बिल, दुसऱ्यात फोन. अंगठ्याने दोनदा टकटक केलं, फोन टुंग वाजला. बिलाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि मान वर केली, तर समोर मी.

"तात्या, हे बंद कधी झालं?"

तात्या जरा सरकले आणि कट्ट्यावर मला जागा केली.

"बस गो. आज लाईन मोठी आसा. माईंका फोन करून सांग, दोन वाजतले."