काचेच्या पेटीतली चावडी

समस्त जनांस कळवण्यास मला अत्यंत गंभीर आनंद होतो की, पणजोबांच्या काळापासून उभी असलेली आमच्या गावची चावडी अखेर अमर झाली. ती आता काचेच्या पेटीत राहणार आहे.

ही प्रतिकृती सरपंचांचे मेहुणे दिनकरराव यांची. काड्यापेटीच्या काड्यांचे वासे, पुठ्ठ्याची कौलं, नखाएवढं दार, आणि ते उघडतंसुद्धा! हात कुशल, यात वाद नाही. फक्त भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या, पाठी घासून खांबाला आलेली तकाकी आणि ओट्यावर पेंगणारे म्हातारे एवढं त्यांनी स्वच्छतेसाठी वगळलं होतं.

जे सांभाळायचा कंटाळा येतो, त्याची माणसं प्रतिकृती करतात. ती गळत नाही, तिला शाकारावं लागत नाही, शिवाय पाहुण्यांना दाखवता येते. वारशाचं प्रेम असावं तर असं, हातभर लांबीचं.

अनावरणाला सरपंच गहिवरले. पेटीवर हात ठेवून म्हणाले, "चावडी कुठंही जाणार नाही!" खरी चावडी पाडायला आलेला जेसीबी बाहेर भाषण संपायची वाट पाहत उभा होता. टाळ्या झाल्या. रोजची दुपार त्याच ओट्यावर काढणारे किसननाना काठी टेकत पुढं आले. त्यांनी वाकून पेटीत पाहिलं, मग बाहेर जेसीबीकडे पाहिलं, आणि भर सभेत बोलून गेले, "दिनकरा, लई झ्याक केलंस बाबा. आता आम्हाला बी एवढुसं कर, म्हंजे ह्या वट्यावर बसाया यील!"