ठणठणीतकाकांची दोन बोटं

मेडिकल कॉलेजातल्या त्या शिपायाला सगळे ठणठणीतकाका म्हणत. झाडलोट, बाटल्या धुणं, दिवे लावणं ही त्याची रोजची कामं. पण दर मंगळवारी तो शर्ट काढून शिकवणीच्या खोलीतल्या टेबलावर उताणा पडायचा. पोरांनी आजारी शरीराला हात लावण्याआधी निरोगी शरीर ओळखायला शिकावं, ही मोठ्या सरांची पद्धत. आणि निरोगी शरीर म्हणजे काका. अठ्ठावीस वर्षं!

ऐकून ऐकून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. यकृत बरगड्यांच्या आड राहतं, उगाच बोटाला लागत नाही. गुडघ्यावर हातोडी पडली की मेंदूला न विचारताच पाय उडतो. हृदयाचे आवाज दोन: वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या की पहिला, रक्त बाहेर पडून मोठ्या नळ्यांच्या तोंडच्या झडपा मिटल्या की दुसरा. कुणी पोरगं अडलं की काकाकडे बघायचं, आणि काका मांडीआड बोटं दाखवायचा. सरांना पत्ता नसे. निम्म्या गावाचे डॉक्टर आपण पास केलेत, असं तो घरी मिशीला पीळ देत सांगायचा.

या वर्षी मात्र चपला घट्ट व्हायला लागल्या. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ भरत नसे. रात्री श्वास पुरेना म्हणून डोक्याखाली एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.

"अहो, दाखवून या की कुणाला तरी," बायको म्हणाली.

"मी दाखवू? अगं, डॉक्टर मला बघून शिकतात!"

बोलायला बोलला, पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीत त्याने स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावला. एक, दोन... आणि त्यामागून हळूच तिसरा. तरण्या पोरात चालतो, पिकल्या माणसात हृदय थकल्याची खूण, हेही त्याने सरांच्याच तोंडून ऐकलं होतं.

धीर करून तो सरांकडे गेला. "सर, माझं जरा ऐकता का?"

"तुझं काय ऐकायचं? तुझी छाती मला पाठ आहे!" सर हसले. काकाही हसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! भित्र्या माणसाला ही म्हण फार आवडते.

मग मंगळवार आला. उताणं पडल्याबरोबर काकाला दम लागला. तो वरच्या पंख्याकडे बघत राहिला. दहा पोरांनी नळी लावली आणि दहाही जणांनी पुस्तकातलं उत्तर दिलं: दोन. अकरावी एक किडकिडीत मुलगी होती. तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"तीन, सर."

खोलीत हशा पिकला. सर उभे राहिले. "हा माणूस निरोगी आहे. मग आवाज किती? नीट ऐक."

तिने पुन्हा ऐकलं. ऐकलेलं खरं मानावं की शिकवलेलं, हे त्या पोरीला कळेना. शेवटी सगळे बघायचे तसं तिनेही काकाकडे बघितलं.

नुसती मान हलवायची होती. तीन बोटं दाखवायची होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला खरोखर ऐकलं होतं, आणि ते त्याला कळलंही होतं. पण मोठे सर बघत होते, दहा पोरं हसत होती, आणि आज तीन म्हटलं की तो ठणठणीतकाका राहणार नव्हता.

मांडीआड त्याने दोन बोटं दाखवली.

"दोन, सर," मुलगी म्हणाली.

"आता कसं!" सर म्हणाले. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

तास सुटला. काकाला उठून बसता येईना, तेव्हा तीच मुलगी पुढे आली आणि पाठीला हात देऊन तिने त्याला बसवलं.

"वाचवलंत, काका," ती कानाशी पुटपुटली आणि बाकीच्या पोरांच्या मागे पळाली.